बायकांच्या बाकावर कोण बसणार?

माझ्या दवाखान्यात दोन बाक आहेत. एक दाराशी, दुसरा आत पडद्याआड. आतला बायकांचा. दवाखाना उघडला तेव्हा हा पडदा नव्हता. तेव्हा एकच लांब बाक होता आणि त्याच्या अगदी समोर पानठेला. वस्तीतल्या बायका यायच्या, बाकाकडे बघायच्या, पोराच्या खोकल्याचे औषध न्यायच्या आणि स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द न काढता परत जायच्या. अंगावरून जाते, हे चार पुरुषांच्या पुढ्यात कोण सांगणार? मला ते कळायला वर्षभर लागले आणि तेही आपणहून कळले नाही. जवळच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने रक्तदाब मोजून झाल्यावर मला सुनावले, "डॉक्टर, पदवी घेतली, अक्कल घ्यायची राहिली. पडदा लावा." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जुनी चादर आणि सुतळी घेऊन आल्या. त्या आता निवृत्त आहेत. सगळी वस्ती त्यांना बाई म्हणते, मीही बाईच म्हणतो.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, गेल्या पावसाळ्यात त्याच बाकावर जे घडले त्यात बाईंना खलनायिका ठरवणे फार सोपे आहे. मला ते करायचे नाही.

सकाळची गर्दी होती. मौसी आली. मौसी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. लग्नाघरी, बारशाला टाळ्या वाजवत येणाऱ्या तृतीयपंथीयांपैकी एक. आता पन्नाशी उलटली, गुडघे धरले, म्हणून बाहेर पडणे कमी. ती सरळ आत जाऊन बायकांच्या बाकावर बसली. शेजारची तरुण मुलगी आईला चिकटली. बाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? इथे मुली आहेत." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मौसी उठली, बाहेरच्या बाकाकडे गेली. तिथे दोन पोरे एकमेकांना कोपर मारून हसली. तिचा नंबर येईपर्यंत ती निघून गेली होती.

मला हे सगळे आत ऐकू येत होते. मधे फक्त प्लायवूडची भिंत आहे. मी एका आजोबांचे बीपी मोजत होतो आणि मोजतच राहिलो.

तिसऱ्या दिवशी रात्री अकराला तिची चेली तिला ऑटोत घालून घेऊन आली. "कालपासून लघवीच उतरून नाही राहिली जी डॉक्टरसाहेब," एवढे म्हणून मौसी टेबलावर आडवी झाली. मूत्राशय बेंबीपर्यंत फुगले होते. मूत्रमार्गाचे तोंड टाचणीच्या टोकाएवढे उरलेले. सगळ्यात बारीक नळी एकदा घालून पाहिली, गेली नाही. अशा वेळी जोर करायचा नसतो, म्हणून चिठ्ठी देऊन एका मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे पोटातून सुई घालून लघवी काढली. ते काम त्यांनी चोख केले. मात्र त्यानंतर पुरुषांच्या वॉर्डात टाकायचे की बायकांच्या, यावर खल सुरू झाला आणि उरलेली रात्र मौसीने लिफ्टजवळच्या स्ट्रेचरवर काढली. मी त्यांना नावे ठेवत नाही. तोच प्रश्न तीन दिवस आधी माझ्या बाकावर आला होता आणि मी तो सोडवला नव्हता.

लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. बाईंना मी अहो-जाहो करतो आहे आणि मौसींना अगं-तुगं. दोघींच्या वयात फार अंतर नाही. पुढे सुधारून लिहितो.

आता थोडे शरीराबद्दल, कारण हे सदर आरोग्याचे आहे. मौसींची शस्त्रक्रिया तरुणपणी कोण्या वैदूने केली होती. 'निर्वाण' म्हणतात ती. ना भूल, ना टाके नीट. अशा जखमेचा व्रण वर्षानुवर्षे आकसत जातो आणि मूत्रमार्गाचे तोंड बुजत येते. धार बारीक होणे, जोर लावावा लागणे, वारंवार जळजळ होणे ही त्याची आधीची लक्षणे. या टप्प्यावर आलेल्या रुग्णाचे काम लहानशा शस्त्रक्रियेने भागते. मौसी त्याच टप्प्यावर आल्या होत्या, बाकावर बसल्या होत्या. दुसरे म्हणजे, वृषणे काढली तरी पौरुषग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, आत तशीच राहते. उतारवयात लघवीची तक्रार असेल तर ती तपासलीच पाहिजे, अंगावर साडी असो वा धोतर. तिसरे, वृषणे काढल्यावर शरीरात संप्रेरके तयार होणे जवळपास थांबते. बाहेरूनही ती मिळाली नाहीत तर हाडे ठिसूळ होतात.

आणि चौथे, जे तरुणांनी विशेष लक्षात घ्यावे. अंग बाईसारखे व्हावे म्हणून काही जण कुटुंबनियोजनाच्या गोळ्या दिवसाला चार-चार, सहा-सहा खातात. कुठल्याही औषधांच्या दुकानात त्या मिळतात. या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका अधिक. एका पोटरीत अचानक दुखून सूज आली तर मालिश करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. संप्रेरके घ्यायचीच असतील तर रक्त तपासून, योग्य औषध आणि योग्य मात्रा ठरवून घेता येतात.

असो. पुढच्या आठवड्यात बाई बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना मौसींची हकीकत सांगितली. बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "वाईट झालं. मी त्यांना बाहेर बसा म्हटलं ते माझं चुकलं असेल. पण डॉक्टर, मी जे म्हणून राहिले ते ऐकून घ्या. मला माणुसकी शिकवू नका. ती जागा आम्ही कशी मिळवली ते तुम्हाला माहीत आहे."

खरे आहे, मला माहीत आहे. विदर्भातल्या वाचकांनाही माहीत असायला हवे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्याचे एक कारण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. नागपुरात सीमाताई साखरे यांच्या स्त्री अत्याचार विरोधी परिषदेने हे काम पुढे वर्षानुवर्षे केले. बाई त्या मोर्चांमधल्या. त्यांच्या लेखी 'बाई' हा शब्द म्हणजे नुसते नाव नाही. त्या शब्दावर तक्रारी नोंदल्या जातात, वॉर्ड मिळतो, राखीव जागा मिळते.

वैद्यकातले उदाहरण तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आले तेव्हा आमच्या शिकवणाऱ्यांनाही धक्का बसला होता. तोवर बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण, एवढेच आम्हाला दिसायचे. बाईंची भीती अशी आहे की, जे दिसायला इतका उशीर लागला ते पुन्हा शब्दांच्या गोंधळात दिसेनासे होईल. परदेशात काही ठिकाणी 'स्त्री' न म्हणता 'पाळी येणारी व्यक्ती' असे लिहू लागले आहेत. बाईंनी ते वाचले आहे आणि त्यांना त्याचा संताप येतो. मला विचाराल तर तो संताप अगदी रास्त आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाबद्दल मी वस्तीत बोलतो तेव्हा 'बायांनो, तपासून घ्या' असेच म्हणणार. शिवाय जो मुलगी म्हणून जन्मला आणि आता पुरुष म्हणून जगतो त्याला जवळ बोलावून सांगणार की, गर्भाशय काढले नसेल तर ही तपासणी तुलाही लागेल. पुरुषी संप्रेरकाने पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असेही नाही. एका वाक्याने काम होत नसेल तर दोन वाक्ये बोलावीत.

इथपर्यंत मी बाईंच्या बाजूला होतो. पुढे नाही.

बाईंचा दुसरा मुद्दा राखीव जागांचा. त्या म्हणाल्या, "उद्या आमच्या जागेवर हेच उभे राहतील." उद्या कशाला, हे होऊन गेले आहे. २०२० च्या डिसेंबरात जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीसाठी अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी उमेदवाराने महिला राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितले. आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाचा. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचे त्याने ठरवायचे, असे त्या निकालात म्हटले होते. त्याच्या जोडीला न्यायालयाने एक गोष्ट नोंदवून घेतली. उमेदवाराने आता स्त्री ही ओळख आयुष्यभर ठेवायची, संधी बघून पुन्हा पुरुष व्हायचे नाही. अंजली पाटील त्या निवडणुकीत निवडूनही आल्या.

आपल्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या कटनीत, याच्या उलट झाले होते. कमला जान तिथे २००० मध्ये महापौर झाल्या. पद महिलांसाठी राखीव होते. न्यायालयात त्या पुरुष ठरल्या आणि निवड रद्द झाली, २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. लोकांनी मते दिली होती ती वाया.

मला जळगावचा निकाल पटतो, आणि त्यातली ती आयुष्यभराची अट तर फारच शहाणपणाची वाटते. लबाडीची शंका घेणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. मी बाईंना विचारले, आपल्या ओळखीच्या गावांत महिला राखीव सरपंचाची खुर्ची खरोखर कोणी पळवली? २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. किती ठिकाणी सही तिची आणि कारभार नवऱ्याचा? 'सरपंचपती' हा शब्द तर आपल्याकडे एवढा रुळला की, लग्नपत्रिकेत छापतात. सगळ्या राज्यात महिला जागेवर निवडून आलेले तृतीयपंथी शोधायला गेलो तर दिवस जाईल, सरपंचपती शोधायला बसस्टँडच्या चहाटपरीपर्यंत गेले तरी पुरे. बाई हसल्या. "ते बरोबर आहे," म्हणाल्या, "पण म्हणून प्रश्न संपत नाही."

संपत नाहीच. खेळाचा प्रश्न मला वेगळा वाटतो. वयात येताना पुरुषी संप्रेरकाने उंची, हाडे, स्नायू, फुप्फुसे यांत जो फरक पडतो तो पुढे औषधाने पूर्ण पुसला जात नाही. म्हणून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२३ मध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्यांना महिलांच्या स्पर्धेत मनाई केली. धावणाऱ्या मुलींवर अन्याय होऊ नये म्हणून ती रेषा मला मान्य आहे. पण रेषा ओढणाऱ्यांचा हातही कसा सुटतो ते आपण पाहिले आहे. तामिळनाडूच्या शांती सौंदरराजनने २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकले आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले. ती मुलगी म्हणूनच जन्मली, वाढली. जन्मतः शरीराची जडणघडण वेगळी असणे ही एक गोष्ट, आणि मौसींसारखी मनाची ओळख शरीरापेक्षा वेगळी असणे ही दुसरी. वर्तमानपत्रे दोन्ही एकाच टोपलीत टाकतात. विलायतेत तर एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या कायद्यातला 'स्त्री' हा शब्द जन्माच्या लिंगापुरता आहे, असा निकाल दिला. बाईंना तो निकाल आवडला. मी एवढेच म्हटले की, तिथे मौसींसारख्या गुरू-चेल्यांची घराणी नाहीत आणि आपल्याकडची आजची नाहीत.

कायद्यातही दोन्हीकडची ओढाताण आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत केंद्राने वटहुकूम काढून बलात्काराच्या गुन्ह्यात आरोपी आणि पीडित दोघेही कोणत्याही लिंगाचे असू शकतात, असे केले. स्त्री संघटनांनी विरोध केला. आरोपी बाई ठरली तर उलट तक्रारी करून बायकांनाच गप्प केले जाईल, ही त्यांची भीती होती. पीडित कोणीही असावा याला मात्र त्यांच्यातल्या अनेकींची तयारी होती. एप्रिलमध्ये कायदा झाला तेव्हा त्यात आरोपी पुरुष आणि पीडित फक्त स्त्री राहिली. तृतीयपंथी मधल्या फटीत पडले. २०१९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा आला, त्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षे. बाईवर बलात्कार केला तर किमान दहा. हे दोन आकडे मी बाईंना कागदावर लिहून दाखवले. मौसींच्या चेलीवर दोन वर्षांपूर्वी काय गुदरले होते ते मी तिच्या जखमा धुताना पाहिले आहे. ती पोलिसांत गेली नाही. बाईंनी कागद उचलला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि पर्समध्ये ठेवला.

२००५ मध्ये घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला तेव्हा बाई गल्लोगल्ली जाऊन बायकांना तो समजावून सांगत. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लिंगबदल शस्त्रक्रिया केलेल्या ट्रान्स स्त्रीलाही त्या कायद्याखाली दाद मागता येते, असे म्हटले. मी विचारले, यात तुमचे काय कमी झाले? बाई म्हणाल्या, "काहीच नाही. मारणारा नवराच आहे ना."

मौसींना ही सगळी चर्चा मी सांगितली, शस्त्रक्रियेनंतर त्या दाखवायला आल्या तेव्हा. त्यांना त्यात फारसा रस दिसला नाही. "डॉक्टरसाहेब, मी बाई आहो का नाही ते तुम्ही न् बाईसाहेब ठरवा," त्या म्हणाल्या. "मले बसाले जागा पायजे. गुडघे दुखते."

तेव्हा दवाखान्यात मी केलेले बदल असे. तपासणीच्या खोलीला आतून कडी लावली आहे. ज्याला कुठल्याच बाकावर अवघड वाटेल त्याने कंपाउंडरला सांगावे, मी आधी बघतो. कारण विचारले जाणार नाही. त्या मुलीला अनोळखी माणसाजवळ बसायचे नसेल तर तिलाही हीच सोय आहे. नोंदवहीत पूर्वी 'पु' आणि 'स्त्री' असे दोनच रकाने होते. आता हाक कशी मारायची ते एका रकान्यात, आणि कोणते अवयव आहेत, कोणती शस्त्रक्रिया झाली ते आतल्या कागदावर, जो फक्त मी बघतो. मौसींच्या आतल्या कागदावर प्रोस्टेट लिहिले आहे आणि बाहेर 'श्रीमती'. मोठ्या रुग्णालयाला चिठ्ठी देताना दोन्ही लिहितो आणि शक्य असेल तर बाजूची स्वतंत्र खोली मागतो. मिळतेच असे नाही.

पडदा काढलेला नाही. बाईंची जुनी चादर दोन वर्षांपूर्वी विरली म्हणून नवा हिरवा पडदा आणला, पण सुतळी तीच आहे. मागच्या मंगळवारी मौसी आल्या तेव्हा आतल्या बाकावर बाई होत्या. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. दोघी बोलल्या नाहीत.

ज्यांना लघवीची धार बारीक झाल्यासारखी वाटते, ज्यांच्यावर पूर्वी अशी शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा जे वर सांगितलेल्या गोळ्या आपल्या मनाने घेत आहेत, त्यांनी त्रास वाढायची वाट न बघता जवळच्या डॉक्टरांकडे जावे. येताना गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत आणावे, नाव आठवत नसले तरी चालते.